पानं फोफावतात, गड्डा मात्र धरत नाही: घरच्या कोबीची दुखणी आणि इलाज

डिसेंबर संपत आला की परसात किंवा गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कोबीचं रोप जोमात आहे, पानं सुपाएवढी झालीत, रंगही छान हिरवा आहे, पण मधे गड्डा नाही. शेजारच्या वाफ्यातला पालक दोनदा कापून झाला, मुळे खाऊन संपले आणि हा आपला नुसता पसरून बसलाय. गेल्या वर्षीही असंच, त्याच्या आदल्या वर्षीही असंच. मग सल्ले सुरू होतात. कोणी युरिया टाका म्हणतं, कोणी गूळपाणी ओता म्हणतं, आणि एक जण तरी सांगतोच की पानं वर ओढून दोरीने बांधा, म्हणजे आपोआप गड्डा होईल.

दोरीचं आधी निकालात काढू. पानं बांधायची पद्धत फ्लॉवरची आहे. तिथे पांढऱ्या गड्ड्यावर ऊन पडून तो पिवळा पडू नये म्हणून बाहेरची पानं त्याच्यावर ओढून बांधतात. कोबीचा गड्डा बाहेरची पानं मिटून तयार होत नाही. खोडाच्या शेंड्यातून नवी पानं येत असतात, ती उघडायच्या ऐवजी एकमेकांवर वळत जातात आणि तो गोळा आतून भरत घट्ट होतो. बाहेरची मोठी पसरट पानं शेवटपर्यंत पसरटच राहतात. ऊन घेऊन अन्न बनवायचं आणि मधे पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. ती बांधून टाकली तर त्यांना ऊन मिळत नाही, आत दमट अंधार होतो आणि अळ्यांची सोय होते.

आधी मधोमध बघा

गड्डा न धरण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि लांबून बघितलं तर सगळी रोपं सारखीच दिसतात. म्हणून खताच्या पिशवीला हात घालण्याआधी खाली बसायचं, बाहेरची पानं हाताने बाजूला करायची आणि अगदी आतली चार-पाच छोटी पानं नीट बघायची.

ती पानं निरोगी असतील, पण लांब देठाची आणि बाहेर झुकलेली असतील, तर रोपाला अजून गड्डा धरायची वेळ झाली असं वाटलेलंच नाही. इथे दोष उष्णतेचा, कमी उन्हाचा, वाणाचा किंवा जास्तीच्या नत्राचा (नायट्रोजनचा). मधे कोंबच नसेल, त्या जागी काळपट खड्डा, थोडी जाळी आणि हिरवट विष्ठेचे कण असतील, किंवा एका शेंड्याऐवजी तीन-चार चिमुकले कोंब फुटले असतील, तर ते काम किडीचं. आणि आतली पानं आखूड देठाची होऊन आत वळू लागली असतील, पण गोळा हाताला भुसभुशीत लागत असेल, तर बिघाड झालेला नाही. दोन-तीन आठवडे पाण्यात खंड पडू देऊ नका आणि त्याला त्याचं काम करू द्या. अशा चांगल्या चाललेल्या रोपाला घाबरून युरिया घालणारे बरेच असतात.

बहुतेक वेळा तारीख चुकलेली असते

कोबी थंडीचा. पंधरा ते वीस अंश सेल्सिअसच्या आसपास तो खुशीत असतो. पारा पंचविसाच्या वर राहू लागला की जुन्या वाणांचा गड्डा धरणं मंदावतं, पानं मात्र येत राहतात. आपल्याकडे अशी हवा वर्षातून मोजके आठवडे असते, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत. गड्डा भरायचे दिवस त्या आठवड्यांत यायला हवेत.

त्यामुळे मोजणी उलटी करायची. गोल्डन एकरसारखा हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा वाण लावणीपासून साधारण ६० ते ६५ दिवसांत काढायला येतो आणि त्याचा गड्डा किलो-दीड किलोचा होतो. पुसा ड्रम हेडसारखा गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा, चपट्या मोठ्या गड्ड्याचा वाण त्याहून बराच जास्त वेळ घेतो. चार माणसांच्या घराला त्याचा तीन-चार किलोचा गड्डा करायचाय काय, हा वेगळा प्रश्न. त्याआधी रोप तयार व्हायला चार ते पाच आठवडे. म्हणजे पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पडायला हवं आणि रोपं ऑक्टोबरच्या शेवटी जमिनीत जायला हवीत. विदर्भात रात्री चांगल्या गार होतात, पण ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं. तिथे लावणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला केलेली बरी, किंवा पहिले पंधरा दिवस दुपारी सावली धरावी.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीचं दुखणं खरं आहे. तिथे ऐन जानेवारीतही दुपारी तीस-बत्तीस अंश असतात. गोल्डन एकरचं पाकीट आणून तिथे कितीही सेवा केली तरी खात्री नाही. तिथल्या लोकांनी दुकानात जाऊन स्पष्टपणे उष्णता सोसणारा संकरित वाण मागावा. पाकिटावर खरीप किंवा उन्हाळी लागवडीचा उल्लेख असेल तर तो घ्यावा. बाजारात बाराही महिने कोबी दिसतो तो अशाच संकरित वाणांमुळे आणि थंड भागांतून येणाऱ्या मालामुळे. ‘बाजारात मिळतो म्हणजे आपल्याकडेही कधीही येईल’ हा हिशेब तिथेच फसतो.

नर्सरीवाले फेब्रुवारीतही कोबीची रोपं विकत असतात, कारण लोक घेतात. घेऊ नका. त्या पैशात गवारीचं आणि भेंडीचं बी येईल.

घरचं बी धरायचं कसं, असंही पुष्कळ जण विचारतात. मैदानी प्रदेशात हा नाद सोडावा. कोबीला फुलावर यायला आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते, दहा अंशांच्या खालची. म्हणून आपल्याकडच्या पारंपरिक वाणांचं बी कुलू खोऱ्यात, कतराईनसारख्या ठिकाणी आणि काश्मीरमध्ये तयार होतं. आपण पाकीटच आणायचं. फक्त त्यावरची मुदत बघून घ्यायची.

म्हातारी रोपं, कमी ऊन

वेळ बरोबर असूनही गड्डा लिंबाएवढाच होऊन थांबला, तर रोप कसलं होतं ते आठवा. ट्रेमध्ये सहा-सात आठवडे अडकून पडलेल्या रोपाची मुळं आत गोल फिरून बसतात, खोड टणक आणि जांभळट होतं. असं रोप जमिनीत गेल्यावर पुन्हा उभारी धरत नाही. बाहेरची पानं पुरेशी वाढण्याआधीच ते घाईने मधे वळायला लागतं. रोप चार ते सहा पानांचं, वीतभर, लवचिक खोडाचं घ्यावं आणि लावताना पहिल्या पानांच्या बुडापर्यंत मातीत घालावं. नर्सरीत सगळ्यात उंच रोप निवडायचा मोह होतो, तो आवरावा.

ऊन किमान सहा तास हवं. तीन तासांच्या बाल्कनीत कोबी येत नाही. तिथे मेथी, पुदिना, अळू लावा. कुंडीत लावत असाल तर बारा इंच रुंद आणि तेवढ्याच खोल पिशवीत एकच रोप. ‘चार लावू, चारांतून दोन तरी येतील’ असं म्हणून लावलेल्या चारांतून एकही येत नाही. जमिनीत हळव्या वाणाला दोन्ही बाजूंनी दीड फूट अंतर ठेवा. लावताना ते फारच विरळ वाटतं, महिन्याभराने वाटत नाही.

माती निचऱ्याची आणि सेंद्रिय खताने भरलेली असावी. कोकणातल्या जांभ्या मातीत आम्लता जास्त असते, तिथे लावणीच्या महिनाभर आधी चमचा-दोन चमचे चुन्याची भुकटी प्रत्येक खड्ड्यात मिसळली तर फरक पडतो. काळ्या मातीत चुना घालायचं कारण नाही, तिथे तो आधीच भरपूर असतो.

खताचा हिशेब

कोबी खादाड आहे, पण त्याला कधी खायला घालायचं याला महत्त्व आहे. शेतात संकरित कोबीला साधारण हेक्टरी १६० किलो नत्र, ८० किलो स्फुरद आणि ८० किलो पालाश देतात. घरच्या वाफ्यात आणलं तर एक चौरस मीटरला, म्हणजे पाचेक रोपांना, १६ ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा पूर्ण हंगामात पाच रोपांना मिळून साधारण ३५ ग्रॅम युरिया, एका रोपाला सात ग्रॅम. तोही एकदम द्यायचा नाही. अर्धा लावणीच्या वेळी, अर्धा महिन्याने. त्यानंतर नत्र बंद.

जे फक्त शेणखत आणि गांडूळखतावर करतात त्यांनी चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगलं कुजलेलं खत आधी मिसळावं आणि लावणीनंतर तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात रोपाभोवती मूठ-दोन मूठ गांडूळखत द्यावं. जीवामृत किंवा पेंडपाणी दर आठवड्याला ओतत राहणाऱ्यांच्या कोबीची पानं काळसर हिरवी, मऊ आणि अफाट मोठी होतात, आणि त्यावर मावा आधी येतो. आतली पानं वळायला लागली की पेंडपाण्याची बादली बाजूला ठेवायची. त्या दिवसांत रोपाला नियमित पाणी लागतं, बाकी फार काही नाही.

मधला कोंबच गायब

लावणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत एक बारीक पट्टेरी अळी येते. ती मधल्या कोवळ्या पानांना जाळीने चिकटवून आत बसते आणि शेंडा पोखरते. शेंडा गेला की त्या रोपाला एक मोठा गड्डा कधीच येणार नाही. बाजूने कोंब फुटतात. त्यातला सगळ्यात दणकट एक ठेवून बाकीचे खुडले तर लहानसा गड्डा मिळू शकतो, पण वेळ हातात असेल तरच. डिसेंबर उलटून गेला असेल तर असं रोप उपटून जागा मोकळी करावी.

हिच्यावर उपाय एकच, पहिला महिनाभर रोज सकाळी मधली पानं उघडून बघणं. जाळी दिसली की काडीने अळी काढून टाकायची. दहा-बारा रोपांना हे पाच मिनिटांचं काम आहे.

भोकं, भोकं, भोकं

आता कोबीचा खरा शत्रू. पानांवर आधी कागदासारखे पारदर्शक ठिपके दिसतात, मग त्यांची भोकं होतात, आणि शेवटी पानाच्या नुसत्या शिरा उरतात. पानाच्या मागे सेंटिमीटरभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती, फिकट हिरवी अळी असते. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि रेशमाच्या धाग्याला लटकून खाली उतरते. हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनांची फिकट ओळ दिसते, म्हणून हे नाव. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्याची एक पिढी पुरी होते, त्यामुळे हंगामभर तो पुन्हा पुन्हा येतो. कीटकनाशकांना दाद न देण्याबद्दल हा जगभर बदनाम आहे. शेतकऱ्यांनी त्याच्यावर काय काय फवारून पाहिलंय, आणि तो सगळ्यांना पुरून उरलाय.

म्हणून घरच्या चार रोपांवर विषारी औषध मारण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. औषधाला तो दाद देत नाही, आणि गड्डा मिटल्यावर आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचतही नाही. वर परत तेच पान आपण खाणार.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जाळी. बारीक छिद्रांची पांढरी कीडरोधक जाळी, लावणीच्या दिवशीच, वाकवलेल्या तारांवर किंवा बांबूच्या कामट्यांवर ताणून, कडा मातीत दाबून. दुधीला किंवा काकडीला असं झाकलं तर मधमाशी आत जात नाही आणि फळ धरत नाही. कोबीला फुलाची गरजच नाही, त्यामुळे तो लावणीपासून काढणीपर्यंत झाकलेला राहिला तरी चालतो. ही गोष्ट लक्षात घेऊन जाळी लावणाऱ्याचा अळीचा प्रश्न जवळपास संपतो. अट एकच, झाकण्याआधी रोपांच्या पानांची मागची बाजू तपासून घ्यायची. अंडी आत घेऊन जाळी बंद केली तर अळ्यांना पक्ष्यांपासून संरक्षण मिळतं, बाकी काही नाही.

जाळी नसेल तर मोहरी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची जुनी शिफारस अशी आहे की कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी पेराव्यात, एक कोबीच्या लावणीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीकडे ओढला जातो. घरी एवढ्या ओळी कोण लावणार, पण वाफ्याच्या दोन टोकांना चिमूट-चिमूट मोहरी टाकली तरी कीड आली की आधी तिथे दिसते. फोडणीच्या डब्यातली मोहरी चालते. तिच्यावरच्या अळ्या मारायच्या मात्र, नाहीतर आपण किडीची पैदास करतोय.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळून घ्या. त्यात दोन-चार थेंब सौम्य साबणाचं पाणी हवंच. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, नुसता फवारा त्यावरून घरंगळून जमिनीवर पडतो. पुष्कळांचा ‘निंबोळीने काही होत नाही’ हा अनुभव या साबणाअभावी आलेला असतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं औषध कृषी सेवा केंद्रात मिळतं, तेही अळीवर चांगलं चालतं आणि माणसाला अपायकारक नाही. दोन्ही संध्याकाळीच फवारा, कारण कडक उन्हात त्यांचा जोर लवकर जातो. पानांची मागची बाजू भिजली पाहिजे.

दुसरी एक अळी झुंडीने येते. पानाच्या मागे तपकिरी लोकरीने झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान देठासकट तोडून साबणाच्या पाण्यात बुडवायचं. ही तंबाखूवरची पानं खाणारी अळी. पुंजक्यातच सापडली तर एका पानावर निभावतं, पांगल्यावर रात्री बॅटरी घेऊन शोधावी लागते.

मावा आला तर राखाडी पिठूळ थर दिसतो. पहिल्या दिवशी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन टाका, पुन्हा आला तर साबणाचं पाणी. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर थोडे दिवस थांबा. तेच तो खाऊन टाकतात.

भरलेला गड्डा तडकतो

सकाळी बघावं तर टणक गड्डा मधोमध उभा उकललेला. कारण बहुतेक वेळा पाणी. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर अपराधी वाटून दोन बादल्या ओतल्या, किंवा अवकाळी पाऊस पडला, की आतली पानं भराभर फुगतात आणि बाहेरची जुनी पानं ताणली जाऊन फाटतात. गड्डा भरत असताना थोडं थोडं, पण नियमित पाणी द्यावं. मुळाशी पाल्याचं आच्छादन असेल तर ओल टिकते.

अंगठ्याने दाबून पाहा. दबला नाही म्हणजे तयार झाला. त्यानंतर रोज थोडा अजून मोठा होईल या आशेने ठेवलेले गड्डेच तडकतात. पाचही एकदम तयार झाले आणि एकदम खपणार नसतील तर एक जुनी युक्ती आहे. दोन्ही हातांनी गड्डा धरून रोप पाव फेरा फिरवायचं, म्हणजे काही मुळं तुटतात, पाणी कमी ओढलं जातं आणि गड्डा आठवडा-दीड आठवडा तसाच उभा राहतो. तडकलेला गड्डा वाया जात नाही. त्याच दिवशी काढून वापरायचा, कारण फटीत पाणी साचलं की कुजतो.

कापल्यावर आतल्या पानांच्या कडा तपकिरी निघाल्या तर लोक अंड्याची टरफलं टाकायला धावतात. ती कॅल्शियमची कमतरता असते हे बरोबर, पण मातीत कॅल्शियम असूनही ती होते. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प उडतं त्या पानांकडे जातं. मिटलेल्या गड्ड्यातल्या पानांतून बाष्प फारसं उडतच नाही. त्यामुळे पाणी अनियमित असलं आणि नत्राने वाढ घाईची झाली की आतली पानं उपाशी राहतात. टरफलं तर वर्षभर तशीच्या तशी पडलेली असतात. पाणी सांभाळा, नत्र आवरा.

घाण्या

पानाच्या कडेपासून आत निमुळता होत गेलेला पिवळा त्रिकोण आणि त्यातल्या शिरा काळ्या, ही खूण पक्की ओळखून ठेवा. हा जिवाणूचा रोग आहे, याला शेतकरी घाण्या म्हणतात. खोड आडवं कापलं तर आत काळं कडं दिसतं. यावर उपचार नाही. रोप उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. जिवाणू बियाण्याबरोबर येतो, म्हणून दरवर्षी होत असेल तर बी ५० अंश गरम पाण्यात २५ ते ३० मिनिटं ठेवून, सावलीत सुकवून पेरावं. अंदाजाने हात बुडवून बघायचं हे काम नाही, थर्मामीटर लागतो, कारण थोडं जास्त तापलं तर बी मरतं. पाणी पानांवर मारू नका, मुळाशी द्या. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी काही लावायचं नाही, सगळी एकाच कुळातली आहेत. तिथे वाल, मेथी, टोमॅटो लावा. मोहरीचा सापळा वर सांगितलाय तो निरोगी वाफ्यासाठी.

स्वयंपाकघरातल्या तक्रारी

एवढं सगळं करून काही कोबी सैल निघणारच. बाजारच्या गोळ्यासारखा चिरायला सोपा नसतो, पण चवीला वाईट नसतो. बाहेरच्या गर्द हिरव्या पानांचा जाड देठ काढून टाका आणि पानं बारीक चिरून पीठ पेरून भाजी करा, थालीपिठात घाला किंवा वड्या करा. सीकेपी घरांतलं भानोलंही अशा पानांचं छान होतं. कोबी, बेसन, हिरवं वाटण, घरात चालत असेल तर कोळंबी, आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस. पचडीसाठी मात्र आतली पांढरट पानंच घ्या.

वड्यांचं पीठ सैल होतं ही तक्रार घरच्या कोबीबाबत जास्त येते, कारण ताज्या कोबीत पाणी भरपूर. किसलेल्या कोबीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळा. ते पाणी टाकू नका. पिळलेल्या कोबीत बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तीळ, मिरची घालून आधी कोरडंच कालवा आणि लागेल तेवढंच ते पाणी परत घाला. मीठ आधीच पडलंय हे मात्र विसरायचं नाही.

भाजीला उग्र वास येतो तो जास्त शिजवल्याने. कोबी जितका वेळ शिजेल तितकी त्यातली गंधकाची संयुगं मोकळी होतात. कुकरची शिट्टी तर अजिबात नको. हरभऱ्याची डाळ घालायची तर ती आधी भिजवून घ्या, म्हणजे तिच्यासाठी कोबी ताटकळत शिजत राहत नाही. मोठ्या कढईत, चांगल्या आचेवर, झाकण न ठेवता, थोडा करकरीत असतानाच उतरवा. उन्हात तापलेला, पाण्याला ताणलेला कोबी मुळातच तिखटसर असतो. त्याला चिमूटभर साखर आणि ओलं खोबरं लागतं.

आणि ते मेंदूतल्या अळीचं. कोबीत अळी दिसली की घरातलं कोणीतरी हमखास सांगतं, ही अळी पोटात गेली की मेंदूत चढते. कोबीवरची हिरवी अळी पतंगाचं पिल्लू आहे, ती माणसाच्या शरीरात जगू शकत नाही. मेंदूत पोचणारा असतो तो डुकराशी संबंधित पट्टकृमी, टेपवर्म. हा जंत पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि मैलापाण्यावर वाढवलेल्या कोणत्याही कच्च्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जाऊ शकतात. कोबीचं नाव बदनाम झालं, कारण तो कच्चा खाल्ला जातो आणि त्याच्या पदरांत घाण अडकून राहते. आपल्या परसातला, स्वच्छ पाण्यावरचा कोबी त्यामानाने निर्धास्त. तरी पचडीसाठी पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली एकेक धुवा. नीट शिजवलं की ही भीती उरत नाही. गड्ड्यात लपलेल्या अळ्यांसाठी गड्डा अर्धा कापून मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उलटा बुडवून ठेवला की त्या बाहेर येतात.

गड्डा काढताना खोड जमिनीलगत कापू नका. खालची चार-पाच पानं ठेवून वरून कापा आणि खोडाच्या माथ्यावर सुरीने फुलीसारखी चीर द्या. बाजूने लिंबाएवढे तीन-चार गड्डे येतात. काढणी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाली तरच हा उद्योग करा. फेब्रुवारीत ती खोडं उपटलेली बरी, नाहीतर ऊन वाढता वाढता सगळा मावा तिथे मुक्कामाला येतो आणि मग शेजारच्या मिरचीकडेही बघायला लागतो.